आरसी ट्रक रेसिंग: खर्च आटोक्यात राहील असे नियम कसे बांधायचे

नव्या माणसाला आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटनं चालवायच्या) ट्रकच्या किमतीची धास्ती वाटते, पण तो खर्च एकदाच होतो. हौस मोडते ती त्यानंतरच्या खर्चानं. गेल्या महिन्यात चाललेले टायर या महिन्यात चालत नाहीत, दुसऱ्या ट्रॅकवर बॅटरीचा नियम वेगळा असतो, पहिल्या तिघांनी मोटर बदलली की मागच्या सगळ्यांना बदलावी लागते. असे दोन-तीन भुर्दंड बसले की ट्रक माळ्यावर जातो. यावर एकच उपाय आजवर टिकला आहे: नियम मोजके, स्पष्ट लिहिलेले आणि हंगामभर न हलणारे.

पहिलाच ट्रक घेऊन ट्रॅकवर उतरणाऱ्यांना आणि आठ-दहा जण जमवून सुरुवातीचा वर्ग (एकाच नियमांचे ट्रक एकत्र पळवणारा गट) उभा करणाऱ्यांना, दोघांनाही हा लेख उपयोगी पडेल. वर्ग उभा करणाऱ्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी करावी. जवळपास दुसरा क्लब असा वर्ग चालवत असेल तर त्याचं नियमपत्रक जसंच्या तसं उचला. त्यातला एखादा नियम पटला नाही तरी चालेल. दोन ट्रॅकवर एकच ट्रक न बदलता पळवता येणं ही कुठल्याही हुशार नियमापेक्षा मोठी बचत आहे.

ट्रक कोणता

१/१० प्रमाणाचा, फक्त मागच्या चाकांना ताकद जाणारा, खोक्यातून तयार मिळणारा शॉर्ट कोर्स ट्रक घ्यावा. २००८ साली आलेल्या ट्रॅक्सास स्लॅशनं हा प्रकार रुळवला. अमेरिकेतल्या कित्येक क्लबांत ‘स्पेक स्लॅश’ नावाचा वर्ग आजही याच ट्रकवर चालतो.

शॉर्ट कोर्सच का, याला ठोस कारण आहे. या ट्रकची बॉडी चाकांच्या बाहेरपर्यंत येते आणि पुढे-मागे रुंद बंपर असतात. उघड्या चाकांच्या बगीत एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकात अडकलं की एक गाडी हवेत जाते आणि आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) तुटतो. शॉर्ट कोर्स ट्रक एकमेकांना घासून पुढे निघून जातात. नवशिक्यांच्या शर्यतीत धक्के लागणारच, त्यामुळे प्रत्येक धक्क्यामागे किती पार्ट मोडतात यावर महिन्याचा खर्च ठरतो. टू-व्हील ड्राइव्हचंही तेच. पुढचा डिफरन्शियल आणि पुढचे ड्राइव्हशाफ्ट नसतातच, म्हणजे ते तुटतही नाहीत.

दहा-बारा जणांपर्यंत एकच मॉडेल ठेवा. तपासणी सोपी होते आणि ऐनवेळी शेजाऱ्याकडचा आर्म उसना घेता येतो. याहून मोठ्या गटात वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक येणारच. तेव्हा मोटर, टायर आणि किमान वजन या तीन गोष्टी सगळ्यांना सारख्या ठेवा, बाकी चेसिस कुठलीही असू द्या. किमान वजन ठरवताना खोक्यातून काढलेला ट्रक ठरलेली बॅटरी घालून वजनकाट्यावर ठेवा आणि येईल त्या आकड्यातून थोडंसंच कमी करा. त्यामुळे हलके महागडे पार्ट लावून काही फायदा उरत नाही.

नियमांची भाषा

नियमपत्रकाचं पहिलं वाक्य हे असावं: ‘ज्या बदलाला इथे परवानगी लिहिलेली नाही, तो चालणार नाही.’ बरेच गट उलटं करतात. ते मनाई केलेल्या गोष्टींची यादी लिहितात आणि दर महिन्याला कोणीतरी यादीत नसलेली नवी गोष्ट घेऊन येतो. मग यादी वाढते, वाद वाढतात आणि पळवाट शोधणाऱ्याच्या मागे सगळ्यांना पैसे खर्च करावे लागतात.

दुसरं पथ्य: तपासता येत नाही तो नियम लिहू नका. ‘मोटरशी छेडछाड करू नये’ हे वाक्य चांगल्या हेतूचं आहे, पण तपासणीच्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. ते असं लिहा: ‘मोटर ट्रकसोबत आलेली, ५५० आकाराची, १२ टर्नची, बंद डब्याची ब्रश मोटर, अमुक पार्ट नंबर. डबा उघडणं, ब्रश किंवा स्प्रिंग बदलणं, कॉम्युटेटर घासणं चालणार नाही. डब्यावरचे मुडपलेले पत्र्याचे कान मूळ स्थितीत हवेत.’ (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे. ब्रश म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, आणि ते ज्या गोल भागावर घासतात तो कॉम्युटेटर.) नियमातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. डबा उघडायचा तर ते कान वाकवावे लागतात आणि एकदा वाकवून परत बसवलेला कान नुसत्या डोळ्यांना दिसतो.

सगळे नियम एका कागदाच्या दोन बाजूंवर मावले पाहिजेत. मावत नसतील तर काहीतरी जास्त लिहिलं गेलंय.

मोटर

पैसा सगळ्यात जास्त जिरतो तो इथे, म्हणून इथे थोडं थांबू.

५५० ब्रश मोटर स्वस्त असते, वेग मर्यादित असतो आणि तिच्यात बदलण्यासारखं फारसं काही नसतं. तिचे दोष दोन. ती झिजते, आणि एकाच खोक्यातल्या दोन मोटरी अगदी सारख्या नसतात. चुंबकांची ताकद थोडी कमी-जास्त असते, ब्रश कॉम्युटेटरवर कसे बसलेत त्यात फरक असतो. म्हणून ज्याच्याकडे पैसा आहे तो पाच-सहा मोटरी घेतो, प्रत्येकीचा वेग मोजतो, सगळ्यात वेगवान ठेवतो आणि बाकीच्या विकतो. नियम मोडत नाही, पण वर्ग महाग होतो.

यावर खरेदीहक्काचा नियम चालतो. अंतिम शर्यत संपल्यावर त्याच शर्यतीतला कोणीही स्पर्धक नव्या मोटरची ठरलेली किंमत विजेत्याच्या हातात ठेवून त्याची मोटर मागू शकतो. विजेत्यानं नकार दिला तर त्या दिवसाचा निकाल जातो. एका माणसाला दिवसात एकच मागणी. हा हक्क क्वचितच वापरला जातो, पण तो आहे एवढ्यानंच निवडून आणलेल्या मोटरींचा नाद सुटतो. मोठ्या स्पर्धेला आणखी एक पद्धत आहे: क्लबनं मोटरी एकगठ्ठा घ्याव्या, चिठ्ठी टाकून वाटाव्या आणि दिवस संपला की परत जमा कराव्या.

नवी मोटर खोक्यातून काढून थेट शर्यतीत पळवू नका. नव्या ब्रशचं टोक कॉम्युटेटरच्या गोलाईवर नीट टेकलेलं नसतं. अर्ध्याच भागातून करंट गेला की ठिणग्या जास्त पडतात आणि कॉम्युटेटर काळा पडतो. ट्रकमधून मोटर सुटी करा, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) काढा आणि साधारण ३ व्होल्टवर दहा मिनिटं रिकामी फिरवा. पेन्सिल सेलच्या दोन सेलांचा होल्डर पुरतो. मग गार होऊ द्या आणि दोन्ही टोकांच्या बुशांवर (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांवर) पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. जास्त तेल घातलं तर ते ब्रशवर जातं, काजळी धरते आणि मोटर मंदावते. मोटर पाण्यात बुडवून फिरवायची आणि ब्रश बसवायचे अशीही एक पद्धत आहे. तिनं ब्रश लवकर बसतात खरे, पण झिजतातही लवकर, आणि बुश कोरडे पडतात. सुरुवातीच्या वर्गात तिची गरज नाही.

मोटर मरायला टेकल्याची लक्षणं ओळखून ठेवा: त्याच गिअरिंगवर लॅपची वेळ वाढत जाते, डबा पूर्वीपेक्षा जास्त तापतो, मागच्या टोकाला ठिणग्या सतत दिसतात. तिन्ही दिसली की मोटर बदला. ताणून वापरली तर ती ईएससीलाही (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागालाही) घेऊन जाते.

ब्रशलेस का नको, हा प्रश्न येतोच. ब्रशलेस मोटर जास्त टिकते, देखभालही कमी लागते, हे खरं आहे. पण १७.५ टर्नच्या ब्रशलेस वर्गात टर्न सारखे असले तरी रोटर (मोटरचा फिरणारा चुंबक), टायमिंग (गुंडाळ्यांना वीज किती आधी द्यायची ते) आणि मोटरची नवी नवी मॉडेलं अशी चढाओढ सुरू होते. क्लबला ब्रशलेसवर जायचंच असेल तर एकच मॉडेल ठरवा, टायमिंगवर सील लावा आणि ईएससी शून्य टायमिंगच्या मोडमध्ये ठेवायला सांगा. त्या मोडला सगळे ‘ब्लिंकी’ म्हणतात, कारण ईएससीचा दिवा लुकलुकतो आणि लांबूनही तपासता येतो.

पिनियन

मोटर सारखी ठेवून गिअरिंग मोकळं सोडलं तर निम्मं काम वाया गेलं. अंतिम प्रमाण काढायची रीत साधी आहे. स्परचे (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण. स्पर ८६, पिनियन १९ आणि आतलं प्रमाण २.७२ असेल तर अंतिम प्रमाण १२.३१ येतं. पिनियन २१ केला की ते ११.१४ वर उतरतं, म्हणजे मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं सुमारे १० टक्के जास्त फिरतात. सरळ रस्त्यावर फरक दिसतो, पण ते ओझं मोटरवर पडतं. ती तापते, चुंबक गरम झाले की ताकद घटते, ब्रशच्या स्प्रिंगही ढिल्या पडतात. दोन शर्यती जिंकून मोटर फेकून द्यायची असा हिशेब सुरू होतो.

म्हणून पिनियनच्या दातांची कमाल संख्या लिहून टाका आणि स्पर मूळचाच ठेवा. पिनियन मात्र स्टीलचा चालू द्या. मऊ धातूचा पिनियन झिजून टोकदार होतो आणि मग स्परचे प्लास्टिकचे दात खातो.

शर्यत संपल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोटरच्या डब्याचं तापमान घ्या. ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर एक दात कमी करा. तरीही उतरत नसेल तर दोष दुसरीकडे आहे: गिअर फार घट्ट बसलेत, बेअरिंगमध्ये माती आहे, किंवा ट्रान्समीटरचा (हातातल्या रिमोटचा) थ्रॉटल ट्रिम, म्हणजे थ्रॉटलचा शून्य बिंदू, हललाय आणि ब्रेक सतत थोडा लागून राहतोय.

बॅटरी

एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या एकाच वर्गात मिसळू नका. सात सेलांचा एनआयएमएच पॅक कागदावर ८.४ व्होल्टचा आणि टू-एस (ओळीनं जोडलेल्या दोन सेलांची) लायपो ७.४ व्होल्टची, म्हणून एनआयएमएच वरचढ असेल असं वाटतं. पण थ्रॉटल दाबल्यावर एनआयएमएचचा व्होल्टेज झपाट्यानं पडतो, लायपो तो धरून ठेवते. आज नवा वर्ग सुरू करताना टू-एस, कडक आवरणाची लायपो हाच व्यवहारी पर्याय आहे.

क्षमतेवर मर्यादा घाला, उदाहरणार्थ ५००० एमएएच. पाच मिनिटांच्या शर्यतीत सरासरी १५ अँपिअर धरले तरी १२५० एमएएचच खर्च होतात, तेव्हा एवढी मोठी बॅटरी लागतच नाही. मर्यादा घालायची ती अशासाठी की मोठ्या पॅकचा व्होल्टेज भाराखाली लहान पॅकपेक्षा कमी घसरतो आणि तेवढ्याच फायद्यासाठी लोक महागडे पॅक घेतात. पॅकवर छापलेल्या सी-रेटिंगवर (क्षमतेच्या किती पट करंट देता येतो त्या आकड्यावर) मात्र नियम करू नका. तो आकडा कंपनी स्वतः छापते आणि ट्रॅकवर तो पडताळता येत नाही.

शर्यतीआधी व्होल्टेज ८.४० पेक्षा जास्त नको. दोन मीटरमध्ये ०.०१-०.०२ व्होल्टचा फरक पडतो, त्यामुळे ‘क्लबचा मीटर शेवटचा’ हे वाक्य नियमातच घाला. प्रत्येकानं सकाळी आपला चार्जर त्या मीटरशी ताडून पाहावा.

सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखे आणि बिनसवलतीचे. चार्जिंग बॅलन्स मोडमध्येच (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), १ सी वर, म्हणजे ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. पॅक अग्निरोधक पिशवीत. चार्जिंग चालू असताना माणूस जागेवर हवा. फुगलेला किंवा आवरण तडकलेला पॅक ट्रॅकवर आणायचा नाही. ईएससी लायपो मोडवर आहे ना हे तपासा, नाहीतर तो सेल धोकादायक पातळीखाली रिकामे करत राहतो आणि पॅक कायमचा जातो. घरी नेल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडे पडून राहिली की निकामी होते आणि नवा रेसर ‘बॅटरी खराब निघाली’ असं म्हणत दुसरी विकत घेतो.

टायर

मोटरपेक्षा टायरवर वर्षभरात जास्त पैसा जाऊ शकतो, कारण मऊ रबराचा टायर एका दिवसात झिजू शकतो आणि त्याची पकड पाहिली की दुसऱ्यांनाही तोच हवा होतो. म्हणून एकच टायर: एक नक्षी, एक कंपाउंड (रबराचं मिश्रण), आत येणारा फोमही तोच. कंपाउंड निवडताना मधला किंवा कडक घ्या. पकड थोडी कमी मिळेल, पण ती सगळ्यांनाच कमी मिळेल. घसरत्या ट्रकवर थ्रॉटल हळू सोडायची सवयही लागते.

टायरला लावायची पकडवाढ रसायनं पूर्ण बंद. ती रबर मऊ करतात, टायरचं आयुष्य कमी करतात आणि कोणी काय लावलं हे नंतर ठरवता येत नाही. तपासणीत टायर फक्त कोरड्या फडक्यानं पुसा. वास आला किंवा बोटाला चिकट लागलं तर तो टायर त्या दिवसापुरता बाद. शिवाय प्रत्येक संचावर आतल्या बाजूला क्लबच्या रंगाच्या पेननं खूण करा आणि एक संच किमान किती दिवस चालवायचा ते ठरवा. तीन स्पर्धांना एक संच हा बहुतेक मातीच्या ट्रॅकवर निभावून जाणारा हिशेब आहे.

टायर चिकटवणं नव्या लोकांना हमखास नडतं. रिमची कड आणि टायरची आतली कड आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा आणि मग स्पिरिटनं पुसा. कारखान्यात साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य तिथे असतं आणि त्यावर गोंद धरत नाही. फोम आत सरळ बसवा. टायर रिमच्या खाचेत सगळीकडून नीट बसलाय हे बोट फिरवून पाहा. मग पातळ सुपरग्लूचा एकेक थेंब चार ठिकाणी, समोरासमोर. ते धरले की मधल्या जागा भरा. एक बाजू पूर्ण सुकल्यावरच दुसरी घ्या. टायरच्या किंवा रिमच्या दोन बाजूंना हवेसाठी भोक हवं. ते नसेल तर उडीवरून उतरताना आतली हवा टायरची कड रिमपासून सोडवते. ओल्या ट्रॅकवर पळवल्यावर त्याच भोकांतून आतलं पाणी झटकून काढा, नाहीतर फोम कुजतो आणि चाक डगमगायला लागतं.

काय मोकळं सोडायचं

सगळंच बांधून टाकलं तर माणूस ट्रक समजून घ्यायला शिकत नाही. जे स्वस्त आहे ते मोकळं सोडा: शॉकचं तेल, स्प्रिंग, चेसिसची उंची, कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन), शॉकच्या वरच्या टोकाची जागा. एका कंपनीचं ३० क्रमांकाचं तेल दुसऱ्या कंपनीच्या ३० शी जुळेलच असं नाही, त्यामुळे त्यावर नियम करून उपयोगही नाही.

मोडतोड कमी करणारे पार्ट चालू द्या. बुशांच्या जागी बॉल बेअरिंग, मूळ मापाचे जास्त चिवट नायलॉनचे आर्म, मजबूत बंपर. यांनी ट्रक फारसा वेगवान होत नाही, वर्षाचा खर्च मात्र उतरतो. ॲल्युमिनियमचे आर्म आणि हब यांना नाही म्हणा. ते महाग असतात आणि प्लास्टिकसारखे लवत नाहीत. धक्का ते स्वतः पचवत नाहीत, पुढच्या पार्टला देतात, आणि आर्म वाचून गिअरबॉक्सचं घर फुटतं.

सर्व्होचा (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) नियम विचारानं लिहा. ट्रकसोबत येणाऱ्या सर्व्होचे प्लास्टिकचे दात तुटतात, तेव्हा मेटल गिअरचा सर्व्हो चालू द्यावा. पण तो मूळ ईएससीच्या बीईसीवरच (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागावर) चालला पाहिजे, वेगळा बीईसी नाही. दांडगा सर्व्हो लावला की लहान बीईसीचा व्होल्टेज वळणावर कोसळतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि ट्रक सरळ कठड्यावर जातो. सर्व्हो सेव्हर (धक्क्यापासून सर्व्होचे दात वाचवणारा भाग) मूळचाच ठेवा. जायरो आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक मदत या वर्गात बंद असावी.

बॉडीबद्दल एक गोष्ट. शॉर्ट कोर्स ट्रक उडी घेतो तेव्हा मोठ्या बॉडीच्या पोटात हवा भरते आणि नाक वर जातं. म्हणून लोक बॉडीला भोकं पाडतात. परवानगी द्या, पण जागा ठरवून: मागची काच आणि मागचा हौदा. पुढचा भाग, बाजू आणि बंपर अखंड हवेत. भोक गोलच असावं, कारण पॉलिकार्बोनेटमध्ये तडा टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. नव्या बॉडीला आतून कोपऱ्यांवर फायबरग्लासची जाळीदार पट्टी लावा आणि तिच्यावर बुटांसाठी मिळणारा लवचीक गोंद पसरवा. ती बॉडी दुपटीनं टिकली तरी नवल नाही.

पहिल्या शर्यतीआधी

लागणारी हत्यारं थोडी आहेत: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे हेक्स ड्रायव्हर, चाकाच्या नटासाठी ७ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर, पक्कड, कात्री, ब्रश. सुट्या भागांच्या डबीत पुढच्या आर्मची एक जोडी, स्टीअरिंग ब्लॉक आणि त्याला धरणारे सी-हब, दोन स्पर, सर्व्होचा हॉर्न, शॉकची टोकं आणि मूठभर बॉडी क्लिप ठेवा. एवढ्यावर हंगामातली बहुतेक मोडतोड निभते. ट्रक हातात आल्यावर पुढचा क्रम पाळा.

१. सगळे स्क्रू एकदा हातानं तपासा. धातूत बसणाऱ्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला लावू नका, त्यानं प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरतं.

२. स्पर आणि पिनियनच्या मध्ये वहीच्या कागदाची अरुंद पट्टी घाला, मोटर तिच्यावर दाबून धरा, मोटरचे स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. गिअरमध्ये जरासाच खेळ राहिला पाहिजे. स्पर पूर्ण एक फेरी फिरवून तो सगळीकडे सारखा आहे का ते पाहा.

३. स्लिपर क्लच (जास्त ताण आला की घसरून गिअर वाचवणारा भाग) जुळवा. जागेवरून एकदम थ्रॉटल दिल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मीटरपर्यंत क्लच घसरल्याचा बारीक आवाज यायला हवा. तो अजिबात न घसरता धरत असेल तर उडीवरून उतरताना चाकांचा झटका सरळ स्परच्या दातांवर जातो. फार घसरत असेल तर क्लच तापून स्पर मध्यभागी वितळतो.

४. शॉकमध्ये तेल भरल्यावर पिस्टन हळू वर-खाली करून बुडबुडे निघून जाऊ द्या. हवा राहिली की त्या बाजूचा शॉक पोकळ लागतो आणि ट्रक एकाच बाजूच्या वळणावर कलतो.

५. फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला की ट्रक थांबवणारी सोय) तपासा. ट्रक स्टँडवर, चाकं हवेत. थ्रॉटल थोडा दाबून ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. नाही थांबली तर ट्रक ट्रॅकवर जाणार नाही, मग नियमपत्रकात काहीही लिहिलेलं असो.

६. ईएससीचा मोड बदला. ट्रॅक्सासच्या एक्सएल-५ मध्ये ट्रेनिंग मोडला पुढचा वेग अर्धा मिळतो. पहिले दोन पॅक त्यावरच पळवा, ट्रॅकवरची योग्य वाट लवकर कळते. शर्यतीत रेस मोड, म्हणजे रिव्हर्स बंद. अडकलेला ट्रक उलटा येऊन मागच्यावर आदळत नाही आणि ट्रक उचलायला वाकलेल्या मार्शलचा हात वाचतो.

तपासणी आणि शर्यतीचा दिवस

तपासणीच्या टेबलावर एवढं पुरतं: वजनकाटा, व्होल्टमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, रुंदी मापायला पट्ट्यांची चौकट आणि एक कोरी, सीलबंद मोटर तुलनेसाठी. शर्यतीआधी प्रत्येक ट्रकचं व्होल्टेज आणि टायरवरची खूण पाहा. एक मिनिट लागतं. शर्यतीनंतर पहिले तीन ट्रक आणि चिठ्ठीनं निघालेला आणखी एक. यांचं वजन, पिनियनचे दात आणि मोटरचे कान. चिठ्ठीचा चौथा ट्रक सोडू नका. त्यामुळे तपासणी म्हणजे जिंकणाऱ्यावरचा संशय असं वाटत नाही.

चूक सापडली तर पहिल्या वेळी तेवढ्या हीटचा (अंतिम शर्यतीआधीच्या फेरीचा) निकाल रद्द करा आणि ट्रक दुरुस्त करून पुढच्या हीटला येऊ द्या. नव्या माणसाच्या चुका बहुतेक अजाणतेपणी होतात. मोटर उघडलेली सापडली तर मात्र दिवस बाद. ती अजाणता उघडत नाही.

पाच मिनिटांच्या तीन हीट आणि एक अंतिम शर्यत, एका वेळी सहा-आठ ट्रक, हे वेळापत्रक नव्या क्लबला झेपतं. ट्रान्सपॉन्डर (ट्रकच्या लॅप आपोआप नोंदवणारं यंत्र) स्वतःचा घेण्याची सक्ती नको. क्लबनं भाड्यानं द्यायला काही ठेवावेत, किंवा लहान गटात प्रत्येक ट्रकमागे एक लॅप मोजणारा बसवावा. आपली हीट संपली की पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभं राहणं सक्तीचं. जो राहत नाही त्याची चांगली हीट कापली जाते. या बाबतीत जुन्या रेसरला सवलत दिली की नवे पण गळायला लागतात.

नियम बदलायचे तेव्हा

बदल वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर. हंगामात फक्त सुरक्षेसाठी बदल करता येईल, वेग किंवा पार्टसाठी नाही. प्रस्ताव दोन-तीन महिने आधी सगळ्यांच्या हातात पडावा. मत त्यांनाच, ज्यांनी निम्म्याहून जास्त स्पर्धांत ट्रक पळवला. अडीअडचणीला निर्णय द्यायला तीन जणांची समिती पुरे, आणि त्यातला एक तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रेसर असावा. जुन्या लोकांना कोणत्या खर्चाचं ओझं वाटत नाही हे त्यांना स्वतःला कळत नाही.

प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारा: हा मंजूर झाला तर आज ट्रॅकवर असलेल्या किती जणांना काहीतरी विकत घ्यावं लागेल? उत्तर निम्म्याहून जास्त असेल तर प्रस्ताव एक वर्ष थांबवा. मंजूर झाला तरी जुना पार्ट आणखी एक हंगाम चालेल असं लिहा, म्हणजे लोक हातातलं संपवून मग नवं घेतील.

वर्गातून पुढे जाण्याचाही नियम हवा. सलग तीन स्पर्धा जिंकणारा पुढच्या हंगामात खुल्या वर्गात जातो आणि इथे मार्शल किंवा तपासनीस म्हणून येतो. तोच माणूस वर्षानुवर्षं नवशिक्यांच्या वर्गात जिंकत राहिला की त्याला गाठण्यासाठी बाकीचे खर्च करायला लागतात आणि नियम सैल करण्याची मागणी तिथूनच येते.

ठरलेला टायर किंवा मोटर कंपनीनं बंद केली तर घाईनं नवं काही ठरवू नका. क्लबनं शिल्लक माल एकत्र विकत घेऊन हंगाम काढावा. दरम्यान दोन-तीन पर्याय एकाच ट्रकवर, एकाच चालकाच्या हातून, एकाच दिवशी पळवून लॅपच्या वेळा लिहून काढाव्यात. जो जुन्याच्या सगळ्यात जवळ येईल तो घ्यावा, वेगवान असेल तो नव्हे. मग नियमपत्रकावर नवी तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक छापून जुनी प्रत ट्रॅकवरच्या फलकावरून काढून टाकावी.